गणिताचं पुस्तक बदलण्याआधी: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी गणित आणि व्याकरण कसं निवडायचं

घरी शिकवायचं ठरलं की पहिले काही महिने बहुतेक आईबाबा एकाच प्रश्नात अडकतात, करिक्युलम कुठला घ्यायचा. बालभारती पुरेल का, एनसीईआरटी जास्त चांगलं का, सिंगापूर मॅथ मागवू का, मैत्रिणीच्या मुलीला ते ठोकळेवालं फार आवडलं तर तेच आणू का. मी बरीच वर्षं घरी दोन मुलांना शिकवतेय, एकाच घरातली, एकच आई शिकवणारी, आणि तरी थोरलीला जे पुस्तक मस्त चाललं ते धाकट्याला अजिबात चाललं नाही. त्यामुळे माझं मत आता पक्कं झालंय की पुस्तकाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी मूल नक्की कुठवर पोचलंय ते बघायचं, मग तो विषय आतून कसा बांधलेला आहे ते समजून घ्यायचं, आणि मग जे पुस्तक हातात आहे ते आपल्या मुलासाठी किती बदलून वापरता येतंय ते बघायचं. बहुतेक वेळा पुस्तक बदलावंच लागत नाही.

गणित आणि व्याकरण आपण एकाच दमात निवडतो, "चौथीचं गणित, चौथीचं ग्रामर" असं. पण या दोन विषयांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. गणित भिंतीसारखं आहे, खालची वीट हलत असेल तर वरची बसत नाही. दशक-एकक कच्चं तर हातच्याची वजाबाकी कच्ची, पाढे कच्चे तर भागाकार रडत रडत, आणि भागाकार नीट नसताना अपूर्णांक आले की मूल पूर्ण हरवतं आणि आपण म्हणतो हिला अपूर्णांक जमत नाहीत. अडचण दिसते पाचवीत, असते दुसरी-तिसरीत.

व्याकरणाचं तसं नाहीये. मराठी घरातलं पाच वर्षांचं मूल "मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं" हे न चुकता बोलतं. खाणारा तोच, पण क्रियापद बदलतंय ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे, म्हणजे हा सरळसरळ कर्मणी प्रयोग झाला, जो पुस्तकात कितीतरी वर्षांनी येतो. नियम त्याच्या तोंडात आहेच, फक्त त्याला नाव माहीत नाही. म्हणून मातृभाषेच्या व्याकरणाला उशीर झाला तर काही कोसळत नाही, दहाव्या-अकराव्या वर्षी सुरू केलं तर तेच मूल वर्षाचं काम महिन्यात उरकतं. इंग्रजीचं व्याकरण मात्र आपल्या मुलांसाठी तिसराच विषय आहे, त्यावर पुढे येते.

तर गणितात पहिला प्रश्न "सुरुवात कुठून". वयावरून इयत्ता आणि इयत्तेवरून पुस्तक हा हिशोब शाळेला लागतो कारण तिथे एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात, घरी तो धरून बसायचं कारण नाही. परदेशी करिक्युलम बनवणारे बरेच जण त्यांच्या साइटवर प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कुठल्या पातळीवर आहे ते दाखवणारी चाचणी, फुकट ठेवतात, पुस्तक घ्यायचं नसलं तरी ती टेस्ट घ्या. बालभारतीसाठी मी सोपी युक्ती वापरते: मुलाच्या वयाच्या इयत्तेच्या एक वर्ष मागचं पुस्तक घ्यायचं आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या सरावसंचातली काही गणितं करायला द्यायची, शेजारी बसायचं पण मदत करायची नाही. दहातली आठ आरामात आली तर ते प्रकरण सोडा. नाही आली तर आणखी एक इयत्ता मागे जा आणि तेच प्रकरण तिथे कसं आलंय ते बघा. असं करत गेलं की कळतं की हे मूल भूमितीत पाचवीत आहे, गुणाकारात चौथीत आणि घड्याळात दुसरीत. एकाच मुलाच्या तीन इयत्ता! हे अगदी नॉर्मल आहे आणि घरी शिकवण्याचा खरा फायदाही इथेच आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमधे फुकट मिळतात त्यामुळे तीन इयत्तांची पुस्तकं उघडी ठेवायला खर्च काही येत नाही. एनसीईआरटीचीही तसंच, त्यांची गणिताची नवीन पुस्तकं २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलीयेत, तिसरीचं 'गणित मेला', सहावीचं 'गणित प्रकाश' वगैरे, त्यात करून बघायच्या गोष्टी आणि कोडी खूप आहेत, सराव मात्र कमी वाटतो, तो आपण घालायचा.

दुसरा प्रश्न बांधणीचा. गणिताची पुस्तकं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काही एकच विषय धरून तो पूर्ण होईपर्यंत सोडत नाहीत. स्टीव्ह डेमी यांचं मॅथ-यू-सी असं आहे, त्यातला एक अख्खा भाग, गामा, जवळजवळ फक्त गुणाकारावर आहे, पुढचा डेल्टा भागाकारावर, त्यापुढचा एप्सिलॉन अपूर्णांकांवर, सोबत रंगीत ठोकळे आणि व्हिडिओ. दुसरी पुस्तकं सगळ्याची थोडी थोडी ओळख करून देतात आणि पुढच्या वर्षी परत तिथेच येऊन आणखी खोल जातात, बालभारती आणि एनसीईआरटी मुळात अशीच आहेत. आणि सॅक्सन मॅथ म्हणून एक आहे, अमेरिकन हवाई दलातून निवृत्त झालेल्या जॉन सॅक्सन यांचं, त्यात रोज नवीन गोष्ट अगदी छोटीशी आणि बाकी सगळा सराव मागच्या सगळ्या धड्यांचा मिसळून.

कुठल्या मुलाला कुठलं? जे मूल विषय बदलला की अस्वस्थ होतं, "आत्ता कुठे जमायला लागलं होतं" म्हणतं, त्याला एकच धरून चालणारं बरं. जे मूल तीन दिवसांत कंटाळतं किंवा जे आज येतं ते महिन्याने साफ विसरतं त्याला फिरून येणारं बरं. पण इथेही पुस्तकच बदललं पाहिजे असं नाही. बालभारतीचं गुणाकाराचं प्रकरण तिसरी, चौथी आणि पाचवीच्या पुस्तकांतून काढून सलग केलं की झालं एकच धरून चालणारं. उलट मॅथ-यू-सी घेतलंत आणि मूल मागचं विसरतंय तर रोज सुरुवातीला मागच्या भागांतली चार गणितं वहीत लिहून ठेवा.

मिसळून सराव का महत्त्वाचा ते सांगते कारण हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अख्खं पान वजाबाकीचं असेल तर मूल उदाहरण वाचतच नाही, दोन आकडे उचलतं आणि वजा करतं, सगळी बरोबर येतात, आपण खूष. पण इथे काय करायचंय, बेरीज की वजाबाकी की गुणाकार, हे त्याला एकदाही ठरवावं लागलेलं नसतं, आणि परीक्षेत किंवा दुकानात नेमकं तेच ठरवायचं असतं. म्हणून कुठलंही पुस्तक असो, आठवड्यातला एक दिवस सगळ्या प्रकरणांची भेळ करायची.

आता मराठीतून गणित शिकणाऱ्या मुलांची एक खास अडचण, जी कुठल्याच परदेशी करिक्युलममधे सापडणार नाही. आपण ५३ लिहितो आणि त्रेपन्न म्हणतो, आधी तीन ऐकू येतो मग पन्नास. बरीच मुलं त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात आणि आपल्याला वाटतं हा लक्ष देत नाही. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, यात ऐकू येणारी दहाई पुढची आणि लिहायची मागची. २०१९ मधे बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची पद्धत जुन्या नावांसोबत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास कमी व्हावा हा त्यामागचा उद्देश होता. मला ती पद्धत पायरी म्हणून फार उपयोगी वाटते. मूल अडखळत असेल तर काही आठवडे "पन्नास तीन, त्रेपन्न" असं दोन्ही म्हणत जा, लिहून झालं की पुढचं. जुनी नावं जात नाहीत कुठे, आजी घरात असली तर अजिबातच जात नाहीत.

आणि सोबत हाताला काहीतरी द्या. शंभर मण्यांची माळ, दहा एका रंगाचे दहा दुसऱ्या रंगाचे अशी ओवलेली, घरी एका संध्याकाळी होते. मुलाला सांगायचं त्रेपन्न दाखव, तो दहा-वीस-तीस-चाळीस-पन्नास मोजून पुढे तीन मणी सरकतो आणि तिथे कपड्याचा चिमटा लावतो. मग एकोणपन्नास दाखव. तो पन्नासवर जातो आणि एक मागे येतो, आणि त्याच क्षणी त्याला कळतं की एकोण म्हणजे एक कमी. हे वहीत पानं भरून येत नाही. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा, हातच्याची वजाबाकी शिकवताना ५२ मधून २७ काढायचे असतील तर मुलाला खरंच एका गठ्ठ्याचं रबर सोडावं लागतं, पाच गठ्ठ्यांचे चार होतात आणि सुट्या दोनच्या बारा काड्या होतात, मग वहीतला तो पाचावर काट मारून चार लिहिण्याचा प्रकार जादू वाटत नाही.

आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे हा क्रम सिंगापूर मॅथचा पाया आहे. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर ते उभं आहे आणि सिंगापूरने १९८२ मधे 'प्रायमरी मॅथेमॅटिक्स' ही पुस्तकं काढली. त्यातली चित्राची पायरी, म्हणजे पट्ट्या काढून शाब्दिक उदाहरणं सोडवणं, ही कुठल्याही पुस्तकासोबत वापरता येते, त्यासाठी ते मागवायची गरज नाही. समजा उदाहरण आहे, टोपलीत ४८ आंबे आहेत, पायरी आंबे हापूसच्या तिप्पट आहेत, हापूस किती? मूल बहुतेक वेळा ४८ ला ३ ने भागतं कारण "तिप्पट" दिसलं. आता हापूससाठी एक चौकोन काढायला लावा, पायरीसाठी तसेच तीन, आणि सगळ्यांना मिळून महिरप करून ४८ लिहा. चार सारखे चौकोन ४८ चे, एक १२ चा. हापूस १२, पायरी ३६. जे मूल शाब्दिक उदाहरण बघूनच वही मिटतं त्याला मी आधी काही दिवस उत्तर काढायलाच लावत नाही, फक्त चित्र काढ म्हणते. उत्तर नको म्हटलं की भीती जाते.

परदेशी पुस्तक घेतलंत तर काही गोष्टी आधीच बदलून ठेवा. अमेरिकन पुस्तकात पैसे डाइम-क्वार्टरमधे असतात, लांबी इंच-फुटात, तापमान फॅरनहाइटमधे, ती पानं सरळ गाळा आणि त्या जागी बालभारतीची रुपये, मीटर, लिटरची पानं घाला. मोठ्या संख्यांचा स्वल्पविरामही वेगळा, आपण १२,३४,५६७ लिहितो आणि बारा लाख चौतीस हजार म्हणतो, तिकडे तेच १,२३४,५६७ आणि मिलियन. दोन्ही शिकवायचं, पण एकाच आठवड्यात नको. आणि घरी गणित मराठीत बोलता आणि पुस्तक इंग्रजीत आहे असं असेल तर वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने करा, अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर, लसावि एलसीएम, असे शब्द येतील तसे मुलानेच लिहायचे. पुढे परीक्षा कुठल्या माध्यमातून द्यायची ते बदललं तरी हाल होत नाहीत.

लिहायला नको म्हणणारी मुलं हा मोठा गट आहे, विशेष करून सात-आठ वर्षांची, डोक्यात उत्तर तयार असतं पण हात दुखतो. तिथे प्रश्न गणिताचा नसतोच. पानावरची वीस गणितं असतील तर विषम क्रमांकाची करायला द्या, किंवा तो सांगेल आणि तुम्ही लिहा, किंवा पांढऱ्या बोर्डवर मार्करने. अशा मुलांना तोंडी गणितात खूप पुढे नेता येतं आणि त्यासाठी आपल्याकडे जुना खजिना आहे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे पाढे. आजोबा लोकांना अजून पाठ असतात. "बारा पाऊणे किती" विचारलं की नऊ म्हणतात पटकन. सगळे पाठ करवा असं मी म्हणणार नाही, पण निमकी आणि पावकी खेळत खेळत झाली तर अपूर्णांकाचं प्रकरण येतं तेव्हा मुलाला अर्धा आणि पाव ओळखीचे वाटतात, आकड्यांच्या वर-खाली मांडणीची धास्ती राहत नाही.

उलट टोकाचं मूल म्हणजे ज्याला सगळं पटकन येतं. त्याला पुढच्या इयत्तेत ढकलायचा मोह होतो, मी तरी आधी रुंद जाईन. त्याच प्रकरणातली अवघड कोडी द्या, बीस्ट अॅकॅडमी म्हणून एक कॉमिकच्या रूपातलं अमेरिकन गणित आहे ते या मुलांना आवडतं, त्यात एकेका गणितावर खूप वेळ डोकं लावावं लागतं. काही मुलांना मात्र ते बघून रडू येतं, अशा मुलाला ते देऊ नका, हुशार असलं तरी. अबॅकसचे क्लास आणि वैदिक गणित यांबद्दलही विचारतात बरेच जण: वेगाच्या सरावासाठी आवड असेल तर ठीक, पण त्यात भूमिती नाही, मापन नाही, शाब्दिक उदाहरणं नाहीत, त्यामुळे तो करिक्युलम धरू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. मूल प्रयत्न करतंय, तुम्ही वेग कमी केलाय, माळ आणि काड्या झाल्या, वर्षभर धीर धरलाय आणि तरी दहा वर्षांच्या मुलाला सात आणि पाच बोटांवर मोजावे लागतायत, किंवा वाचताना अक्षरं सतत उलटीपालटी होतायत, तर तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचण्यातली अडचण), डिसकॅल्क्युलिया (आकड्यांतली अडचण), यांचा समावेश आहे आणि सर्टिफिकेट असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ वगैरे सवलती मिळतात. मुंबईत सायनच्या पालिका हॉस्पिटलमधे यासाठी वेगळं क्लिनिक आहे, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही मुंबईत आहे. इथे पुस्तकं बदलत बसण्यात मुलाची वर्षं जातात.

आता व्याकरण. मराठीपासून सुरू करू. वर म्हटलं तसं मुलाला ते येत असतं, मग शिकवायचं कशाला? दोन कारणांसाठी. एक, लिहिताना वाक्य नीट उभं राहावं, आणि दुसरं, शुद्धलेखन. आणि या दोन्हींसाठी नाम-सर्वनामाच्या व्याख्या पाठ करून फार काही होत नाही. २००७ मधे अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून एक रिपोर्ट काढला होता, त्यात सुटं व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारलेलं दिसलं नाही, पण छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करायला शिकवल्याने सुधारलं. इंग्रजीवरचे अभ्यास आहेत ते, पण माझा मराठीतला अनुभवही अगदी हाच आहे.

म्हणजे करायचं काय? दोन वाक्यं द्या. "पाऊस आला. आम्ही भिजलो." आता जितक्या प्रकारे जोडता येतील तितकं जोड. पाऊस आला आणि आम्ही भिजलो. पाऊस आल्यामुळे आम्ही भिजलो. जेव्हा पाऊस आला तेव्हा आम्ही भिजलो. आलेल्या पावसात आम्ही भिजलो. मूल बोलत जातं, आपण फळ्यावर लिहायचं. मग विचारायचं यात काय काय बदललं? "आणि"ने जोडलेल्यात दोन्ही वाक्यं स्वतःच्या पायावर उभी आहेत, ते संयुक्त. "जेव्हा-तेव्हा"त एक दुसऱ्यावर अवलंबून, ते मिश्र. "आल्यामुळे"मधे क्रियापद एकच उरलं, ते केवल. नाव शेवटी आलं, आणि आलं तेव्हा मुलाच्या हातात स्वतःची वाक्यं होती. बालभारतीच्या भाषेच्या पुस्तकात व्याकरण धड्यांच्या मागे थोडं थोडं विखुरलेलं असतं, लहान मुलांसाठी मला ते पुरेसं वाटतं. मो. रा. वाळंब्यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' घरात असू द्या, पण ते आईबाबांनी बघायला, नऊ वर्षांच्या मुलासमोर ठेवायला नको.

ज्या मुलाला नियम आवडतात, सगळं का विचारतं, त्याला शुद्धलेखनाचे नियम थेट सांगता येतात. ते फार नाहीत, साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले आणि १९७२ मधे ४ वाढले, एवढेच. सगळ्यात उपयोगी एक घ्या: मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व. मूल, मुलाला. फूल, फुलाचा. दूध, दुधात. जीभ, जिभेवर. वकील, वकिलाने. मुलाला घरभर असे शब्द शोधायला पाठवा, तासभर येत नाही परत. दोन दिवसांनी ते येऊन म्हणेल, "पण शरीर, शरीरात, इथे का नाही बदललं?" तिथे तत्सम शब्द म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, त्यांना हा नियम लागत नाही, हे सांगायची वेळ आलेली असते. गुण आणि विष का ऱ्हस्व तेही तिथेच सुटतं.

ज्याला नियम सांगितला की डोळे निर्जीव होतात त्याला तेच श्रुतलेखनातून द्या. त्याच्या आवडत्या गोष्टीतली चार वाक्यं, ज्यात मूल-मुलाला असे दोन-तीन शब्द आहेत. आधी बघून लिहायचं, दुसऱ्या दिवशी ऐकून. चुकलेला शब्द लाल पेनाने न गोल करता मूळ परिच्छेद त्याच्या हातात द्या आणि त्यालाच शोधू द्या. वेळ लागतो, पण डोळ्यांना सवय होते.

अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्या मराठी घरांत चित्र थोडं उलटं असतं. तिथलं मूल मराठी समजतं पण "माझा पुस्तक, माझी केळं" म्हणतं कारण तीन लिंगं कानावर पुरेशी पडलेली नसतात. त्याला मराठी व्याकरण आधीच येतंय असं धरून चालत नाही. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत बऱ्याच शहरांत, त्या जोडीला घरी एक गोष्ट करा, कुठलंही नवीन नाम एकटं शिकवू नका, "माझं पुस्तक", "मोठी खिडकी", "लाल सदरा" असं विशेषणासकट शिकवा. मग लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.

इंग्रजी ग्रामरकडे येते. आपल्या घरात बहुतेक मुलांना ते कानातून पुरेसं मिळत नाही, त्यामुळे इथे क्रमवार पुस्तक लागतंच, आणि ते निवडताना मराठी बोलणारं मूल नेमकं कुठे अडखळतं ते माहीत असलं पाहिजे. मराठीत कोण काय करतंय हे प्रत्ययावरून कळतं. "वाघाने माणसाला मारलं" आणि "माणसाला वाघाने मारलं", अर्थ तोच. इंग्रजीत "द टायगर किल्ड द मॅन" मधले शब्द इकडचे तिकडे केले की माणसाने वाघ मारला होतं! म्हणून इंग्रजीत शब्दांचा क्रम हेच अर्धं व्याकरण आहे आणि सुरुवात तिथून व्हायला हवी, चिठ्ठ्यांवर शब्द लिहून वाक्य लावायचे खेळ यासाठी उत्तम. दुसरं अडखळणं "अ, अॅन, द" यांचं, मराठीत असं काही नाहीच, त्यामुळे "आय अॅम गोइंग टू मार्केट" अगदी बरोबर वाटतं कानाला. तिसरं "ही गोज"मधलं शेवटचं अक्षर. ब्रिटिश-अमेरिकन मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं या तीन गोष्टींवर वेळच घालवत नाहीत कारण त्यांच्या मुलांना त्या येत असतात. उलट ती पुस्तकं जेसी वाइज यांच्या 'फर्स्ट लँग्वेज लेसन्स'सारखी असतात, कविता पाठ करा, नाउनची व्याख्या म्हणा, ऐकलेली गोष्ट परत सांगा. आईने काय बोलायचं तेही छापलेलं असतं, त्यामुळे ज्या आईला इंग्रजी शिकवायची धास्ती वाटते तिला मोठा आधार मिळतो. छान आहे ते, पण आर्टिकल्सचा, म्हणजे त्या "अ, अॅन, द"चा, सराव वेगळा घाला. आणि रेन अँड मार्टिन, ते इंग्रजी ग्रामरचं जाडं पुस्तक जे आपल्या सगळ्यांच्या कपाटात असतं, ते तेरा-चौदाच्या पुढे आणि गरजेपुरतं. आठ वर्षांच्या मुलाला पार्सिंग, म्हणजे वाक्यातल्या एकेका शब्दाची व्याकरणातली ओळख, करायला लावून इंग्रजी येत नाही, त्यापेक्षा रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा.

पुस्तक कधी बदलायचं? माझा नियम असा की आधी वेग, प्रमाण, क्रम आणि माध्यम, म्हणजे लिहून की बोलून की हाताने, या चार गोष्टी एकेक करून बदलून बघायच्या, प्रत्येकीला काही आठवडे द्यायचे. एकदम चारही बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. हे सगळं करूनही मूल पुस्तक बघून पोटात दुखतंय म्हणत असेल तर मात्र पैसे गेले म्हणून ओढत बसू नका. थोरल्याचं पुस्तक धाकट्याला चालेलच असंही धरू नका, निदान उत्तरं वेगळ्या वहीत लिहायची सवय ठेवा म्हणजे पुस्तक कोरं राहतं आणि ग्रुपमधे दुसऱ्या कोणाला देता येतं.

शेवटचा मुद्दा परीक्षेचा, कारण नातेवाईक पहिल्या दिवसापासून तेच विचारतात. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, त्यात होमस्कूलिंगबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही, आणि बहुतेक होमस्कूलर घरं पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा देतात किंवा राज्य बोर्डाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात. एनआयओएसमधे लहान मुलांसाठी ए, बी, सी अशा पातळ्या आहेत, साधारण तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय घ्यायचे, त्यात एक किंवा दोन भाषा, मराठी घेता येते, आणि गणित सक्तीचं नाही. ते सक्तीचं नाही म्हणून घाईने सोडू नका, पुढे सायन्स, कॉमर्स, इंजिनीअरिंग यातलं काही डोक्यात आलं तर गणित लागतं आणि चौदाव्या वर्षी मुलाला ते माहीत नसतं. पण खरंच झेपत नसेल तर तो दरवाजा उघडा आहे हे माहीत असणंही मोठा दिलासा आहे. मी असं सुचवेन की बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत मुलाच्या वेगाने, मुलाच्या पुस्तकाने चला, मग एनआयओएसच्या साइटवरून गणित आणि भाषेचं दहावीचं साहित्य डाउनलोड करा, मुलासोबत बसून कुठले धडे झालेत आणि कुठले राहिलेत त्यावर खुणा करा, आणि उरलेली दोन वर्षं त्या राहिलेल्या धड्यांना द्या. एका खेपेत पाचही विषय द्यावे लागत नाहीत, पाच वर्षांत नऊ संधी असतात, त्यामुळे भाषा आधी आणि गणित पुढच्या खेपेला असंही करता येतं.